न हलणारी चिंधी

सायकलची साखळी उतरली नसती तर डॉक्टर सैफुद्दीन दर्ग्यापाशी थांबला नसता. मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेमणूक झाल्यापासून तो रोज सकाळी त्या दारावरून जात होता, आणि रोज सकाळी समोर रस्त्याकडे पाहत होता. शास्त्र शिकलेल्या माणसानं जाता-येता दर्ग्याकडे पाहू नये असा नियम कुठे छापलेला नव्हता. पण न छापलेले नियम तो जास्त काटेकोरपणे पाळी. साखळी मात्र नेमकी दारासमोर उतरली. तो वाकला, बोटं काळी केली, साखळी दात्यांवर बसवली, पेडल उलटं फिरवून पाहिलं, आणि हात कशाला पुसावेत म्हणून इकडेतिकडे बघताना त्याची नजर अंगणातल्या कडुलिंबावर गेली. गारपिटीनं त्या झाडावर एक पान ठेवलं नव्हतं. तरी झाड उघडं दिसत नव्हतं. खालच्या फांद्यांना नवसाच्या चिंध्या बांधल्या होत्या, पांढऱ्या, कोऱ्या, एकेका बाजूला निळी बारीक किनार असलेल्या. झाडानं काहीतरी नेसल्यासारखं वाटत होतं. सकाळच्या वाऱ्यात त्या सगळ्या हलत होत्या. एक हलत नव्हती.

आधी त्यानं किनार ओळखली. ही मलमल गावात एकाच दुकानात होती आणि ते दुकान त्याच्या थोरल्या भावाचं, हबीबचं होतं. लढाई चालू होती, कापडावर कंट्रोल होता, लोक लुगड्याच्या अर्ध्या भागात संसार करत होते, आणि अशा दिवसांत हबीबनं दुकानाच्या माळ्यावरून एक ठाण काढून दवाखान्यात पाठवलं होतं. त्याच्या पट्ट्या फाडून सैफुद्दीननं गारपिटीत जखमी झालेल्या पोरांच्या डोक्यांना, हातांना, पायांना बांधल्या होत्या. आणि पोरं पुढच्या वेळी मलमपट्टीला येत ती डोक्याला जुन्या धोतराचं फडकं बांधून. पट्टी कुठे गेली असं विचारलं की आया उत्तरं देत. सुटली. नदीत वाह्यली. बकरीनं खाल्ली. बकरीचं नाव इतक्या जणींनी घेतलं होतं की मंगरूळ तालुक्यातल्या बकऱ्यांना मलमल पचते, याची त्यानं मनात वैद्यकीय नोंदसुद्धा केली होती. आता बकऱ्यांची निर्दोष मुक्तता झाली. त्याला हसू येत होतं, ते ओठांपर्यंत आलंही, आणि तेवढ्यात ती न हलणारी चिंधी त्याला नीट दिसली आणि हसू तिथेच राहिलं. ती ताडाच्या वाळक्या पात्यासारखी ताठ होती. मलमल ताठ राहत नाही. मलमल ताठ राहते ती खळीत बुडवून वाळवली तर. आणि खळीत बुडवलेली पट्टी त्यानं एकाच पोरीच्या एकाच पायाला बांधली होती, आणि ती सोडली तर पाय जाईल असं तिच्या आईला बजावून सांगितलं होतं.

“सादिकचाचा,” त्यानं हाक मारली. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. दर्ग्याची देखभाल करणारे मुजावर सादिकमियाँ ओट्यावर झाडू मारत होते, त्यांनी मान वर केली. “ही कोनं बांधली?”

“कोनती?”

“ही. हालून नाही राह्यली ते.”

सादिकमियाँनी चिंधीकडे पाहिलं, मग सैफुद्दीनच्या काळ्या बोटांकडे पाहिलं. “बाबाच्या झाडाले कोन काय बांधते हे मी पाहत नसतो, सैफू. मीच पाहून राह्यलो, तर मंग बाबानं काय पाहाचं?”

“ह्या साऱ्या पट्ट्या माह्या हायेत. दवाखान्याच्या.”

“होत्या,” सादिकमियाँ म्हणाले. “आता बाबाच्या हायेत. तुले पाह्यजे असतील तर तू बी एखादा नवस बोल.”

“अवो पण जखमेवरच्या पट्ट्या सोडून झाडाले बांधतात का कोनी?”

“जुनी चिंधी चालत नाही ना, बापा. नवसाले कोरं कापड लागते. अन् कोरं कापड या दिवसांत कोनाच्या घरी हाये? तुह्या भावाच्या दुकानात बी नाही म्हणते तो. जे हाये ते तू पोट्ट्यांच्या डोक्शाले गुंडाळून राह्यला.” त्यांनी झाडू पुन्हा हातात घेतला. “तू लहान होता तवा याच झाडाखाली नागडा पळत होता. तवा नाही विचारलं कोनं काय बांधलं म्हणून.”

डॉक्टर झालेल्या माणसानं आपल्या जन्मगावी नोकरी करू नये, हे सैफुद्दीनला नागपूरच्या मेडिकल स्कुलात कोणी शिकवलं नव्हतं. गावात जखम बांधून घ्यायची असली की तो डॉक्टरसायेब असे, आणि जखम बांधून झाली की सैफू. त्यानं हात पॅन्टलाच पुसले. दवाखान्याच्या ओसरीवर पोरं आया घेऊन बसली असतील, म्हणजे आया पोरं घेऊन बसल्या असतील. त्या बसतील थोड्या. त्यानं सायकल फिरवली आणि मानोऱ्याच्या रस्त्याला लावली. त्या रस्त्यावर गोजराबाईचं गाव होतं, आणि त्या गावात तिची पोरगी यमुनी खाटेवर पडली होती, पाय असलेली किंवा जवळजवळ नसलेली. कोणती, ते त्याला तिथे जाऊनच कळणार होतं.

तोंडात गारेची चव आली. हे त्याला गारपिटीच्या दिवसापासून व्हायला लागलं होतं. भीती वाटली की जिभेवर गार विरघळे. फाल्गुनातली दुपार होती ती. दवाखान्याच्या ओसरीवर तो उभा होता आणि आकाश आजारी माणसाच्या जिभेसारखं पिवळं-करडं झालं होतं. वऱ्हाडात गारा पडायला लागल्या की मोठी माणसं घरात जातात आणि पोरं बाहेर येतात. ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आली होती आणि त्या दुपारपर्यंत तिच्यात कोणाचं काही नुकसान झालं नव्हतं. पोरं वाट्या घेऊन धावली, टोप्या घेऊन धावली, पोरींनी परकराचे ओचे केले. गारा बोरांएवढ्या होत्या. एक गार ओसरीवर उडून त्याच्या बुटाशी आली. त्यानं ती उचलली, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तोंडात टाकली. चव टिनाची होती, आणि तिच्या आत थोडी मातीची. ती विरघळेपर्यंत गारा लिंबांएवढ्या झाल्या आणि पोरांचं ओरडणं बदललं. त्याला आठवत होतं की तो बदल त्याला कानांनी आधी कळला, आणि तरी तोंडातली गार त्यानं थुंकली नाही. ती संपू दिली. मग कवठाएवढ्या आल्या, मग वारा आला, आणि त्याच्या डोक्यावरचं छपराचं टिन गेलं. ते नंतर पोस्टाच्या अंगणात सापडलं. संध्याकाळच्या आत गावोगावच्या बैलगाड्या यायला लागल्या, आणि त्यांच्यात पोरंच होती. फुटलेली डोकी, मोडलेले हात, भिंतींखालून काढलेली. जी वाचली नाहीत त्यांचा तो विचार करत नसे. तीच अधूनमधून त्याचा करत असावीत, कारण सायकल चालवताना, दाढी करताना, एखाद्याचं नाव विनाकारण त्याच्या मनात येऊन उभं राही आणि काही न मागता निघून जाई.

पट्ट्या संपल्या तशी त्यानं तार केली. तारेचं उत्तर म्हणून कुठल्याशा डेपोतून एक मोठं खोकं आलं, आणि त्यात मच्छरदाण्या निघाल्या. लढाईच्या दिवसांत माणसानं काय मागितलं आणि त्याला काय मिळालं याचा मेळ घालत बसायचं नसतं. त्यानं मच्छरदाण्या कापल्या, उकळल्या आणि त्यांच्या घड्या जखमांत भरल्या. पोरांच्या जखमा सुधारल्या. त्या साली मंगरूळच्या डासांचंही बरं चाललं. यमुनीच्या जखमेतही तीच जाळी होती. गोठ्याची भिंत तिच्या पायावर पडली होती. नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं आणि त्यात शेण-माती भरली होती. दौऱ्यावर आलेल्या वरिष्ठ साहेबांनी तिला दारातूनच पाहिलं. पोरगी हवी असेल तर पाय गुडघ्यावरून काढ, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि मोटारीत बसले. ते चुकीचं बोलले नव्हते. पुस्तकात तसंच होतं. पण सैफुद्दीननं एका मासिकात वाचलं होतं की स्पेनातल्या लढाईत काही डॉक्टरांनी असे पाय कापले नाहीत. मेलेलं मांस तेवढं काढलं, जखमेत जाळी भरली, आणि सगळा पाय प्लास्टरमध्ये बंद करून आठवडेच्या आठवडे उघडून पाहिला नाही. आत पू होई, वास सुटे, इतका की वॉर्डात कोणी थांबेना. आणि पाय वाचत. मासिकात दोन पानं होती. दोन पानांच्या भरवशावर त्यानं क्लोरोफॉर्मची बाटली उघडली. प्लास्टर नव्हतं, म्हणून कोष्ट्यांकडून सुताला लावायच्या खळीचं मडकं आणलं, मलमलीच्या पट्ट्या तिच्यात बुडवल्या, कामट्यांच्या आधारानं पायाला थरावर थर गुंडाळल्या. वाळल्यावर पाय लाकडासारखा वाजायला लागला. “वास येईन,” त्यानं गोजराबाईला सांगितलं होतं. “मेल्या जनावरासारखा येईन. तरी खोलू नका. सूर्य खाली येऊन म्हणला खोल, तरी खोलू नका.” हे तो अशा आवाजात बोलला की जणू त्यानं असे शंभर पाय बांधले होते. तो पहिला होता. दवाखान्याला छप्पर नसल्यामुळे पोरगी घरी न्यावी लागली, आणि तेव्हापासून तो पाय त्याच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता; तो जेवायला बसला की पाय शेजारी येऊन पडे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झोडपलेला गहू पडला होता. बाया त्यातून ओंब्या वेचत होत्या. कोरं कापड लागते, सादिकमियाँ म्हणाले होते. हे आपल्याला माहीत नव्हतं असं नाही, असं सैफुद्दीनला वाटलं, आणि त्याचा त्याला राग आला. तो सात-आठ वर्षांचा असताना मुदतीच्या तापानं अंथरुणाला लागला होता. तेव्हा अम्मीनं ईदसाठी घेतलेल्या, घडीही न मोडलेल्या ओढणीचा पदर फाडला होता. फाडतानाचा आवाज त्याला तापात ऐकू आला होता. त्या घरात दुसऱ्या चिंध्या होत्या, दुकान होतं, गठ्ठ्यांनी कापड होतं. पण जे गेलं तर जीव हळहळेल तेच द्यायचं असतं. बाबाला काय, चिंध्यांची कमी होती का? आता घरात हळहळण्यासारखं कापड एकच येत होतं आणि ते सरकारी डॉक्टर स्वतः पोराच्या अंगावर बांधून पाठवत होता. आयांनी चूक काय केली? त्यांनी घरातली सगळ्यात चांगली वस्तू पोरासाठी दिली. ती वस्तू पोरासाठीच आली होती, एवढंच काय ते. असा विचार करून झाल्यावर त्याला जरा शहाणं वाटलं, आणि शहाणपण चढावापर्यंत टिकलं. चढावावर उतरून सायकल ढकलताना त्याला पुन्हा ती ताठ चिंधी दिसली, आणि तिच्या मागे उघडा पाय, आणि त्याच्यावर माशा.

वास अंगणाच्या कुडाबाहेरच आला. अंगणात यमुनीची आजी तुळसाबाई सुपात ओंब्या चोळत बसली होती. तिनं पदर नाकाला लावला होता, तो बोलण्यासाठी खाली घेतला.

“या सायेब. घ्या वास. आमच्याइथं फुकट हाये.”

“गोजराबाई कुठी हाये?”

“असन पोट्टीजवळ. दुसरं काम काय हाये तिले. किडे पडले असतील म्हणून राह्यली मी, तर सासूचं ऐकत नाही. डाक्टरचं ऐकते. डाक्टर तिचा कोन लागते?”

यमुनी पडवीत खाटेवर होती. गोजराबाई तिच्या पायाशी बसून पळसाच्या पानानं वारा घालत होती. सैफुद्दीननं नमस्कार घेतला नाही, खाली वाकला नाही, उभ्यानंच, सायकलच्या धापेत, दवाखान्यात त्यानं कधी वापरला नव्हता अशा आवाजात म्हणाला, “खोललं ना?”

“नाही जी.”

“मंग झाडावर काय हाये? बाबाच्या झाडावर? बकरी नेऊन बांधून आली का?”

गोजराबाईनं पानाचा वारा थांबवला. तिनं चादर बाजूला केली. पाय तसाच होता. पिवळट, कडक, मांडीपासून घोट्यापर्यंत एकसंध. कुठे भेग नाही, कुठे सुटलेला थर नाही. फक्त गुडघ्याखाली, जिथे त्यानं त्या संध्याकाळी थकून शेवटचं टोक न कापता तसंच लोंबतं सोडलं होतं, तिथे टोक नव्हतं. विळ्यानं नीट कापलेलं होतं.

“शेंडा घेतला तेवढा,” ती म्हणाली. “लोंबून राह्यला होता. तो काही कामाचा नव्हता ना जी? का होता?”

“नव्हता,” तो म्हणाला. तो खाटेच्या काठावर बसला. यमुनी त्याच्याकडे अशी पाहत होती की जणू आजारी तोच होता. “नव्हता कामाचा. पाय बरा व्हावा म्हणून बांधला?”

“पायासाठी नाही.” गोजराबाई पुन्हा वारा घालायला लागली. “पाय तर तुमच्याकडं देल्ला. म्या माह्या हातासाठी बांधला.”

“हाताले काय झालं?”

“काही नाही झालं. पण वास येते ना जी. गावच्या साऱ्या बाया येतात, पदर लावतात अन् म्हणतात, खोल वो, पाहून तर घे. पोट्टीचा बाप म्हणते खोल. ह्या सासूबाई तर दिवसभर म्हणतात. मी नाही-नाही म्हणत बसतो, अन् माहा हात आपोआप तिथी जाते. भाकर थापता थापता जाते. म्हणून म्या शेंडा घेतला, वल्ला केला, बाबाच्या झाडाले गाठ मारली. म्हणलं बाबा, डाक्टर बोलावल्याबिगर येत नाही, तू माह्या हाताले धरून ठेव.”

 सुटका झाल्याचं त्याला कळत होतं, पण सुटका झाल्यासारखं वाटत नव्हतं, कारण आता भीती गेल्यामुळे वास पूर्ण आला होता. तो मासिकात नव्हता. मासिकात तीव्र दुर्गंधी असं दोन शब्दांत होतं, आणि ते दोन शब्द त्यानं नागपूरच्या खोलीत खुर्चीवर बसून वाचले होते. हा वास त्याच्या डोळ्यांत जात होता. पू असेल, पू असणारच, तोच म्हणाला होता. पण पू आणि सड यांत फरक असतो आणि तो कातडीवर दिसतो, आणि कातडी आत होती. त्यानं पायाची बोटं पाहिली. गुलाबी होती. दाबली, पांढरी झाली आणि पुन्हा गुलाबी झाली. ऊन होती. “हालवून दाखव,” तो म्हणाला. यमुनीनं अंगठा हलवला, मग बाकीची बोटं. “मी तर रोजच हालवतो,” ती म्हणाली, “आजीले वाकुल्या दाखवतो त्यानं.” कपाळ थंड होतं. शास्त्राला जेवढं विचारायचं होतं तेवढं त्यानं विचारलं होतं आणि शास्त्रानं सगळीकडे बरं आहे असं सांगितलं होतं. तरी एक छोटी खिडकी कापली तर? रुपयाएवढी. नुसतं आत पाहायचं, आणि पुन्हा बंद करायचं. पाहिल्यानं काय बिघडतं? न पाहता बसणं हा डॉक्टरचा धंदाच नव्हे. त्याला शिकवलं ते सगळं पाहायला, उघडायला, बोट घालून चाचपायला. वरिष्ठ साहेब पुढच्या दौऱ्यात विचारतील, आत काय होतं? मला माहीत नाही, असं सांगणार? आणि समजा आत हिरवं-काळं झालं असेल, आणि बोटं गुलाबी आहेत ती आजच्या दिवसापुरतीच असतील, आणि उद्या सकाळी— त्याच्या जिभेवर गार होती, ती वितळत नव्हती. विचार करताना पट्टीची कड त्याला बोटांखाली खरबरीत लागत होती. विळ्यानं कापलेल्या टोकाशी थर जरासा उचलला गेला होता. तिथून सोपं होतं.

“तुमच्या हातात काय हाये?” गोजराबाईनं विचारलं.

त्यानं खाली पाहिलं. कात्री होती. ती पिशवीतून कधी काढली ते त्याला आठवेना. तिचं खालचं पातं थराखाली शिरलंही होतं.

“कात्री,” तो म्हणाला.

“कायले?”

“पाहतो जरासं.”

“तुमी म्हणले होते, सूर्य खाली आला तरी खोलू नका.”

“म्हणलो होतो.”

गोजराबाईचा पानाचा वारा चालू होता. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. “मंग तुमच्या हाताले कोन धरते जी?”

अंगणात तुळसाबाईचं सूप थांबलं. यमुनीनं अंगठा एकदा हलवला आणि तो काही म्हणतो का पाहिलं. सैफुद्दीननं पातं बाहेर काढलं, हळूच, जखमेतून काढतात तसं. कात्री मिटली, पिशवीत टाकली, पिशवी मिटली, आणि मग ती पिशवी मांडीवर घेऊन तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिला.  तुळसाबाईनं चहा आणला, गुळाचा, आणि त्याच्यापुढे आदळला. “घ्या,” ती म्हणाली, “वासात पिवा लागन. आमी बी पितो.” त्यानं प्यायला. चहात वास होता, गुळात वास होता, आणि शेवटच्या घोटाला त्याच्या लक्षात आलं की गारेची चव गेली आहे.

त्या दिवशी दवाखाना उशिरा उघडला आणि दुपारी तो हबीबच्या दुकानात गेला. सगळ्या पट्ट्यांची निळी किनार त्याला काढून हवी होती. जखमेला किनार बांधूच नये खरं तर. ती ताणली जात नाही आणि कातडीत रुतते. घाईत त्यानं ती राहू दिली होती. आता किनारीच्या वेगळ्या चिंध्या करायच्या आणि प्रत्येक पोराच्या आईच्या हातात एकेक द्यायची.

“कायले?” हबीबनं विचारलं.

“झाडाले बांधाले.”

हबीबनं गादीवरून खाली पाहिलं. “दवाखान्यातून चिंधी भेटन म्हणते? डाक्टरच्या हातची?”

“कोरी हाये. जखमेवरची सोडणार नाहीत मंग.”

“नागपूरले एवढे वर्ष काढून,” हबीब म्हणाला, “आखीर तू मुजावरच झाला. अब्बा गेले ते बरं झालं. नाही तर सादिकमियाँनं त्याहिले पानसुपारी देली असती.” पण त्यानं ठाण काढलं आणि दोघं भाऊ गादीवर बसून किनारी फाडत राहिले. कोऱ्या मलमलीच्या फाटण्याचा आवाज सैफुद्दीनच्या कानात ताप असल्यासारखा घुमला. आठवडाभरात दर्ग्याचं झाड निळं दिसायला लागलं. बाबाला निळा रंग पसंत पडला, असं सादिकमियाँ परगावच्या लोकांना सांगायला लागले. आणि पोरं पट्ट्यांसकट दवाखान्यात यायला लागली. बकऱ्यांचं नाव कोणी काढलं नाही.

अम्मीला हे कळायला वेळ लागला नाही. ती घरात उर्दू बोले, पण रागावली की वऱ्हाडीवर येई, कारण उर्दूत तिला पुरेसा राग येत नसे. “दुसऱ्याच्या पोट्ट्यांले चिंध्या वाटून राह्यला,” ती म्हणाली, “अन् आपल्या गाठीकडं कधी पाह्यलं का?” त्याच्या तापाच्या नवसाची गाठ अजून झाडावर होती. नवस पुरा झाला की जिनं बांधली तिनंच ती सोडायची असते. अम्मीनं ती सोडलीच नव्हती. ताप उतरून वीस वर्षं झाली, असं तो म्हणाला. “ताप उतरला,” अम्मी म्हणाली. “तू पुरा बरा कुठी झाला? माणूस पुरा बरा होते का कधी?” झाडाच्या सालीनं ती ओढणी केव्हाच गिळली होती, असं तिनं सांगितलं, दाराकडच्या फांदीवर एक गाठोडं दिसतं ना, त्याच्या आत तू आहेस. पुढे कितीतरी सकाळी तो दारावरून जाताना रस्त्याकडे पाहत गेला, आणि मान तेवढी जरा वाकडी होई.

पाय उघडला तेव्हा चैत्र संपत आला होता. खळीवर तो पाणी सोडत बसला. थर एकेक करून मऊ झाले, सुटले, खाली पडले. वासानं गोजराबाईचा नवरा जगदेव, जो आजवर खोल खोल म्हणत होता, तो अंगणात निघून गेला. आतला पाय वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा होता; कातडी पापड्यांनी सुटत होती. मच्छरदाणीच्या जाळीच्या खाली मांस होतं, डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, ओलं, जिवंत. त्यानं हाडावरून अंगठा फिरवला. हाड एक होतं. दुसऱ्या पायापेक्षा तसूभर आखूड झालं होतं आणि ती कायमची लंगडणार होती. हे त्यानं गोजराबाईला लगेच, सरळ सांगितलं, कारण नंतर सांगण्याची आपल्याला सवय लागेल अशी त्याला भीती वाटली. गोजराबाईनं ऐकून घेतलं. “लंगडीन, पण पायानं लंगडीन,” ती म्हणाली. त्यानं पाणी मागितलं, तिनं आणलं, आणि त्यानं ते एका दमात संपवलं.

बैलगाडीतून त्या दोघी मायलेकी नवस सोडायला आल्या त्या दिवशी सादिकमियाँनी दवाखान्यात निरोप पाठवला की गाठ सुटत नाही, डाक्टरला पाठवा. झाडाला नवी पालवी आली होती, तांबूस, तेलकट. निळ्या किनारी तिच्यात अर्ध्या बुडाल्या होत्या. ताठ चिंधी मात्र दिसत होती. गोजराबाईनं ओली करून मारलेली गाठ खळीनं दगडासारखी वाळली होती, आणि ती नखांनी तिच्याशी झटत होती. “कात्री आणली का जी?” तिनं विचारलं. पिशवीत कात्री होती. त्यानं पिशवी उघडली नाही. सादिकमियाँकडून वजूला हातपाय धुवायचा तोटीचा बधना मागून घेतला आणि गाठीवर हळूहळू पाण्याची धार धरली. पाणी फांदीवरून ओघळून त्याच्या बाहीत गेलं. यमुनी खाली काठी टेकून, आखूड पायाची टाच उचलून उभी होती आणि डोकं मागे टाकून हे सगळं अगदी गंभीरपणे पाहत होती.

“डाक्टर,” ती म्हणाली, “झाडाचं हाड जुळलं का?”

त्यानं गाठीवर अंगठा दाबून पाहिला. वरचा थर मऊ झाला होता. आतला अजून नव्हता.

“भिजू दे थोडं,” तो म्हणाला, आणि बधना पुन्हा कलता केला.